काळ्यापांढऱ्या झोंबी कॉमिक्सची बांधणी: पान, शाई आणि शिधा

बोरूबहाद्दर

झोंबी कॉमिक्सवरच्या चर्चा बहुधा 'तो का मेला' आणि 'तिला का वाचवलं' यावरच अडतात. या धाग्यावर ते नको. ही कॉमिक्स बांधतात कशी, भीती पानावर नेमकी कुठे ठेवतात, आणि २४ पानांची मराठी झोंबी गोष्ट काढायला बसलं तर काय फसतं, यावर बोलू. मुख्य उदाहरण 'द वॉकिंग डेड' घेतोय. १९३ अंक, त्यातले १८७ एकाच चित्रकाराचे आणि आतली पानं जवळजवळ सगळी काळीपांढरी. सलग अभ्यास करायला याहून मोठा ऐवज नाही. रहस्यभेद होणार आहे, ज्यांना नको त्यांनी इथूनच मागे फिरावं.

जुजबी माहिती: लेखक रॉबर्ट कर्कमन, प्रकाशक इमेज कॉमिक्स, सुरुवात ऑक्टोबर २००३. पहिले ६ अंक टोनी मूरचे, ७ पासून शेवटपर्यंत चार्ली ॲडलार्ड. मूरची मुखपृष्ठं मात्र २४ व्या अंकापर्यंत येत राहिली.

माझा मुद्दा असा. सिनेमात दचकवायला आवाज असतो आणि वेग दिग्दर्शकाच्या हातात असतो. कॉमिकमध्ये वाचक पुस्तक उघडतो तेव्हा समोरची दोन्ही पानं त्याच्या नजरेखालून एकदम जातात. उजव्या पानाच्या तळाशी झोंबी काढला असेल, तर डाव्या पानाची पहिली चौकट वाचत असतानाच तो दिसलेला असतो. लपवायला जागा एकच: पानाची मागची बाजू. म्हणून प्रश्न विषम, म्हणजे उजव्या, पानाच्या शेवटच्या चौकटीत आणि उत्तर सम पानाच्या पहिल्या चौकटीत.

पहिल्याच अंकात हे दिसतं. पान १ वर गोळीबार, नायक रिक ग्राइम्सला गोळी लागते. पान उलटलं की तो हॉस्पिटलच्या खाटेवर जागा होतो. जग बुडाल्याचे सगळे आठवडे त्या एका कागदाच्या जाडीत बसवलेत. बातम्या नाहीत, शास्त्रज्ञ नाहीत, लष्कर नाही. नवीन लेखक नेमकं इथे चुकतात. साथ कशी पसरली हे सांगण्यात पहिली ६ पानं घालवतात आणि २४ पैकी पाव गोष्ट संपते.

शाईचा डाग

उत्तम धागा. मूर आणि ॲडलार्ड यांतला फरक सांगतो, कारण काढायला बसणाऱ्याला तो थेट उपयोगी आहे.

मूरची रेघ गोलसर आणि तपशिलांनी भरलेली. प्रत्येक झोंबीचे दात, फाटलेला गाल, लोंबणारी कातडी वेगळी. बघायला झकास, पण त्या गतीने दर महिन्याला २२ पानं काढणं अवघड, आणि माणसांचे चेहरेही थोडे व्यंगचित्राकडे झुकतात. ॲडलार्डची रेघ कोरडी. तो काळ्याचे मोठे डाग टाकतो आणि डोळ्यांच्या खोबणी भरून टाकतो. झोंबींच्या गर्दीत पुढचे तीन-चार नीट काढतो, मागचे नुसते आकार. करड्या छटा क्लिफ रॅथबर्नच्या, आणि खोली त्याच देतात: जवळचं गडद, लांबचं फिकट.

गर्दी काढायची साधी रीत: तीन थर करा. पुढच्या थरात ३-४ देह, पूर्ण तपशिलात. मधल्या थरात १०-१२, फक्त बाह्यरेषा आणि एक सपाट करडी छटा. मागे सलग काळी किंवा फिकट पट्टी, वर डोक्यांचे उंचवटे. तिन्ही थरांत सारखाच तपशील भरला की पानाचा गोंगाट होतो आणि नायक कुठे उभा आहे तेच कळत नाही. दुसरी नेहमीची चूक म्हणजे सगळ्यांचे हात समोर पसरलेले. हात लोंबकळू द्या, वजन एका पायावर टाका, मान एका बाजूला कलती ठेवा. आणि कपडे! वॉचमनचा गणवेश, नाईटी, शाळेची टाय. चेहऱ्यापेक्षा कपडे जास्त सांगतात.

डोळ्यात पांढरा ठिपका ठेवायचा नाही. जिवंत माणसाच्या बुबुळात तो ठेवा, मेलेल्याच्या डोळ्यातून काढा. एवढ्याने अर्धं काम होतं.

खारवलेला बांगडा

वाखु (वाचनखूण) साठवली. एक प्रश्न: ११५ ते १२६ हे अंक महिन्याला दोन निघत होते ना? तेव्हा रेघ बदलल्यासारखी वाटते.

शाईचा डाग

बरोबर ओळखलंत. 'ऑल आउट वॉर' हे प्रकरण. पंधरा दिवसांचा वेग गाठायला स्टेफानो गौडियानो शाईकामाला आला. ॲडलार्डने पेन्सिल करायची, शाई दुसऱ्याने फिरवायची. रेघ थोडी मऊ झाली ती त्यामुळे.

गोधडी

बोरूबहाद्दर, पान उलटण्याचा मुद्दा मान्य, पण तुम्ही तो अमेरिकन बाजूनेच मांडलात. मांगात, म्हणजे जपानी कॉमिकमध्ये, पुस्तक उजवीकडून उघडतं. पान उलटल्यावर नजर आधी उजव्या पानावर पडते, तेव्हा धक्का तिथे ठेवायचा असतो.

आणि या बाबतीत केंगो हानाझावाचं 'आय ॲम अ हीरो' कर्कमनच्या पुढे आहे, असं माझं स्पष्ट मत. २००९ ते २०१७, 'बिग कॉमिक स्पिरिट्स' साप्ताहिकात, २२ खंड. नायक हिदेओ सुझुकी, वय ३५, दुसऱ्या मांगाकाराच्या हाताखाली काम करणारा, घाबरट, भास होणारा. पहिला खंड जवळजवळ सगळा त्याच्या कंटाळवाण्या आयुष्याचा. कडेकडेने बातम्यांत, रस्त्यावर काहीतरी बिनसल्याच्या खुणा, कुणी लक्ष देत नाही अशा. शेवटी तो मैत्रिणीच्या दाराच्या टपालफटीतून आत बघतो.

त्या प्रसंगाची बांधणी बघा. फट आडवी आणि अरुंद, म्हणून चौकटही आडवी आणि अरुंद. वाचकाला हिदेओला दिसतं तेवढंच दिसतं. ती उठते, वाकडी होते, जवळ येते. पार्श्वभूमी तीच राहते, देह तेवढा बदलतो. हानाझावाची पार्श्वचित्रं छायाचित्राइतकी नेमकी असतात, त्यामुळे खोली खरी वाटते आणि तिच्यातला देह खोटा, चुकीचा वाटतो. भीती त्या विसंगतीतून येते. हे करायचं असेल तर ५-६ चौकटींत कॅमेरा हलवायचा नाही, हा नियम. कोन बदलला की वाचकाचा श्वास सुटतो.

हिदेओकडे परवान्याची बंदूक आहे. जपानमध्ये बंदूक कुलपात आणि काडतुसं वेगळ्या जागी ठेवावी लागतात, आणि हा गृहस्थ जग संपत असतानाही कायदा मोडायला कचरतो. विनोदी आहे आणि भयंकरही.

कुजबूज

'आय ॲम अ हीरो'चा पहिला खंड कंटाळवाणाच आहे हो, उगाच गौरव नको. साप्ताहिकात चालून जातं, कारण वाचक तसाही अंक विकत घेतो. २४ पानांच्या गोष्टीत ही चैन परवडत नाही.

संथ सुरुवात करून पहिल्याच भागात धक्का द्यायचा तर 'स्कूल-लिव्ह!' हा मांगा बघा. गोंडस मुली, शाळेतला क्लब, खेळकर चित्रं, आणि पहिल्या प्रकरणाच्या शेवटी कळतं की वर्ग उद्ध्वस्त आहे आणि हे सगळं एका मुलीच्या डोक्यात चाललंय. पुन्हा वाचताना दिसतं की इतर मुलींच्या संवादात फटी आधीपासून होत्या. फसवायचंच तर चित्राच्या शैलीने फसवा, संवादात खोटं बोलू नका.

आणि काळंपांढरंच का? 'आफ्टरलाइफ विथ आर्ची' रंगीत आहे आणि घाबरवतं. फ्रान्चेस्को फ्रँकव्हिला स्वतःच रंग भरतो, केशरी, काळा, निळा, बस्स. रक्त लाल दाखवायची गरजच पडत नाही. २०१३ ला सुरू झालं, १० अंक निघाले आणि अर्धवट लटकलं, ते दुःख वेगळं.

बोरूबहाद्दर

गोधडीताई, दिशेची दुरुस्ती मान्य. मराठी डावीकडून उजवीकडे वाचतो, म्हणून आपल्याला सम पानच धरायचं आहे.

कुजबूज, रंगाला विरोध नाही. 'वॉकिंग डेड'ची रंगीत 'डिलक्स' आवृत्ती ऑक्टोबर २०२० पासून डेव्ह मॅकेगच्या रंगात आली. काम सफाईदार आहे, पण ॲडलार्डने काळ्याचे डाग काळ्यापांढऱ्याचा हिशोब धरूनच टाकलेत. तिथे रंगाला करायला फारसं उरत नाही. रंगाची गोष्ट रंगासाठीच आखलेली हवी, तुमचं आर्चीचं उदाहरण तेच सांगतं.

जुनी रद्दी

इतिहास थोडक्यात, कारण झोंबी आणि काळापांढरा कागद यांचं नातं केवळ आवडीचं नाही.

१९५४ साली अमेरिकेत कॉमिक्स कोड आला, म्हणजे प्रकाशकांनीच स्वतःवर घातलेली नियमावली. त्यात चालती प्रेतं, पिशाच्चं, नरभक्षण यांना नावं घेऊन बंदी होती. ईसी कॉमिक्सची भयमासिकं तिथेच संपली. १९७१ ला कोड सैल झाला. व्हॅम्पायर आणि नरलांडगे चालतील, कारण त्यांना साहित्याची परंपरा आहे, असं ठरलं. झोंबींना ती सवलत मिळाली नाही. मग मार्व्हलने रंगीत अंकांत 'झुव्हेंबी' नावाचा प्राणी आणला. चालतो तसाच, मेलेला तसाच, नाव तेवढं दुसरं.

पळवाट दुसरीही होती. मोठ्या आकाराची काळीपांढरी मासिकं कोडच्या कक्षेत येत नसत. 'टेल्स ऑफ द झोंबी' १९७३ ते ७५ याच वाटेने निघालं. त्यातला सायमन गार्थ मूळचा १९५३ च्या 'मेनेस'च्या ५ व्या अंकातला, म्हणजे कोडच्याही आधीचा.

हक्कांविषयी: १९६८ च्या 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' या चित्रपटाचं नाव ऐन वेळी बदललं आणि नव्या नावाच्या पट्टीवर हक्काची सूचना टाकायची राहिली. तेव्हाच्या अमेरिकन कायद्याने चित्रपट सार्वजनिक झाला. संथ चालणारं, माणूस खाणारं, मेंदू फोडल्यावरच थांबणारं प्रेत सगळ्यांना फुकट मिळालं ते असं. कर्कमननेही आधी त्याच नावाचं कॉमिक सुचवलं होतं. स्वतःचं काहीतरी कर, असा सल्ला इमेजकडून मिळाला. मग होकार मिळवायला त्याने थाप मारली की पुढे या सगळ्यामागे परग्रहवासी निघणार आहेत. ७५ व्या अंकाच्या शेवटी रायन ऑटलीने काढलेला रंगीत परग्रहवासी तुकडा आहे, तो त्या थापेवरचा विनोद.

खारवलेला बांगडा

झुव्हेंबी! आपल्याकडच्या सेन्सॉरलाही हे सुचलं नसतं.

हाडवैद्य

चित्रकारांसाठी कुजण्याचं वेळापत्रक देतो. नव्याण्णव टक्के चित्रांत मेलेला माणूस पहिल्याच दिवशी तीन महिने जुना दिसतो.

पहिले काही तास: रक्त गुरुत्वाने खाली उतरतं आणि तिथे त्वचा काळीनिळी पडते. आठ-बारा तासांत तो डाग पक्का होतो. म्हणजे कोणी पाठीवर पडून मेला आणि उशिरा उठला, तर डाग मानेच्या मागे, पाठीवर, पोटऱ्यांच्या मागे हवा. काळ्यापांढऱ्यात ३० टक्के करडी छटा पुरते. दोन दिवसांनी, उष्ण हवेत, पोट फुगतं, चेहरा सुजतो, शिरांचं जाळं दिसायला लागतं. मग त्वचा सुटते, हातमोज्यासारखी.

त्यापुढे हवामान ठरवतं. कोरड्या जागी कातडं चामड्यासारखं होतं, ओठ मागे सरकून दात उघडे पडतात, बोटांची कातडी आक्रसल्याने नखं वाढल्यासारखी दिसतात. ओल्या जागी चरबीचा साबणासारखा थर होतो. गोष्ट कोकणातल्या पावसाळ्यात घडत असेल तर सगळं लवकर आणि मऊ, मराठवाड्याच्या उन्हाळ्यात असेल तर सुकट. एकाच कळपात दोन्ही प्रकार काढले तर काही चालत आलेत आणि काही इथलेच आहेत, हे न सांगता कळतं.

कर्कमनच्या नियमांवर एक टीप. चावा मारतो तो तापाने. उठवणारं कारण मात्र सगळ्यांच्यात आधीपासून आहे, त्यामुळे कसाही मेलेला उठतो. म्हणून चावलेला अवयव ताबडतोब तोडला तर वाचायची शक्यता राहते. तुरुंगात ॲलनचा पाय तोडला, तो वाचला नाही. पुढे डेलचा तोडला, तो त्यातून वाचला. पाय तोडल्यावर रक्तस्राव आणि जंतुसंसर्ग आहेतच. आणि तोडलेलं डोकं चावतच राहतं. गव्हर्नर नावाचा खलनायक ती डोकी काचेच्या टाक्यांत ठेवतो. आपला नियम काय ते आधी कागदावर लिहा: चाव्यापासून मरणापर्यंत किती तास, मरणापासून उठण्यापर्यंत किती मिनिटं. एकदा लिहिलं की कोणासाठीही बदलायचं नाही, नायिकेसाठी तर अजिबात नाही.

गोधडी

हाडवैद्य, शेवटच्या वाक्याला +१. नायिकेला ताप चढायला दोन प्रकरणं आणि वॉचमनला दोन चौकटी, हे फार वेळा बघायला मिळतं.

बोरूबहाद्दर

आता शिध्याकडे. जगण्याची गोष्ट म्हणजे हिशोबाची गोष्ट, आणि हिशोब वाचकाला दिसला पाहिजे. ठोस मांडणी देतो.

पाच माणसं, एका इमारतीत अडकलेली. माणशी दिवसाला ४०० ग्रॅम तांदूळ धरला तर दिवसाला २ किलो. २५ किलोचं पोतं साडेबारा दिवस चालतं. २४ पानं, १२ दिवस, म्हणजे दोन पानांना एक दिवस. गोष्टीचा सांगाडा पोत्यानेच ठरवून दिला. प्रत्येक जोडपानात (समोरासमोरच्या दोन पानांत) कुठेतरी पोतं दिसू द्या, कोपऱ्यात का होईना, आणि प्रत्येक वेळी थोडं खाली बसलेलं. कोणीही त्याबद्दल बोलायचं नाही. ९ व्या पानावर सहावा माणूस दारात आला की वाचक स्वतः भागाकार करतो.

पाणी: २० लिटरचा जार पाच जणांना दिवसाला माणशी ४ लिटर. पिणं आणि भात, एवढ्यातच संपला. अंघोळ नाही, म्हणून सातव्या दिवसानंतर केस चिकट काढा.

गॅस: घरगुती सिलिंडर १४.२ किलोचा, बारा दिवस आरामात जातो. खरी अडचण आवाजाची. कुकर लावला की शिट्टी, आणि शिट्टी म्हणजे कळप. पातेल्यात भात शिजवला तर गॅस जास्त जातो. हा पेच फुकटात मिळतो, तो वापरला नाही तर लेखक आळशी.

पेट्रोल: काही महिन्यांत खराब व्हायला लागतं. आपलं इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल हवेतला ओलावा ओढतं, पाणी आणि इथेनॉल खाली बसतं, गाडी सुरू होत नाही. वर्षभराने बुलेट दामटणारा नायक काढू नका. 'वॉकिंग डेड'मध्येही पुढे पुढे घोडे आणि गाडे येतात.

कुजबूज

बंदुकांचं काय? अमेरिकन कॉमिकमध्ये त्या सगळीकडे पडलेल्या असतात. इथे पोलिस चौकी लुटली तरी किती मिळणार?

बोरूबहाद्दर

म्हणूनच इथली गोष्ट जास्त चांगली होऊ शकते. शेतीच्या रक्षणासाठी परवान्यावर घेतलेली एखादी बाराबोर, एका माणसाकडे, ११ काडतुसं. प्रत्येक बार चौकटीत मोजला गेला पाहिजे. बाकी कोयता, पहार, पावडं. कोयता कवटीत अडकतो, उपसायला दोन सेकंद लागतात, तेवढ्यात दुसरा येतो. ती दोन सेकंदं तीन अरुंद उभ्या चौकटींत काढा. पहार लांब आहे, अंतर राखते, पण जिन्यात फिरवता येत नाही. हत्याराची अडचण ठिकाणातून काढायची.

'वॉकिंग डेड'मधल्या मिशोनचं उदाहरण बघा. १९ व्या अंकात ती येते तेव्हा तिच्या मागे साखळीने बांधलेले दोन झोंबी असतात, हात आणि जबडा नसलेले. पकडायला हात नाही, चावायला जबडा नाही, आणि त्यांच्या संगतीत बाकीचे तिच्याकडे दुर्लक्ष करतात. एक शब्द न बोलता तिची हुशारी आणि तिची मनोवस्था दोन्ही कळतात. हीच कल्पना चौथ्या अंकात आतडी अंगाला फासून शहरात जाण्यात आहे, आणि पुढे कातडी पांघरणाऱ्या व्हिस्परर्सच्या टोळीत. एक नियम घ्यायचा आणि शंभर-दीडशे अंक पिळत राहायचा, यात कर्कमनचा हात कोणी धरत नाही. संवाद मात्र त्याचे लांबलचक, ते उचलू नका.

मुद्रितशोधक

छपाईवर कोणी बोललं नाही, म्हणून मी. चित्र कितीही चांगलं असो, प्रेसमध्ये माती होते.

आतली २४ पानं आणि वर ४ पानी कव्हर, सेंटर पिन (मधल्या घडीवर पिना). पानं ४ च्या पटीत हवीत, २२ किंवा २६ नेलीत तर कोरी पानं निघतील. पान १ उजवीकडे येतं, म्हणून पान उलटल्यावरचे धक्के २, ४, ६ असे २४ पर्यंत. अखंड जोडपान फक्त एकच, १२-१३, कारण ती दोन्ही पानं एकाच कागदावर छापली जातात. इतर जोडपानं दोन वेगळ्या कागदांची असतात आणि घडी घालताना मिलिमीटर-दोन मिलिमीटर इकडेतिकडे होतातच. मोठं चित्र १२-१३ वर ठेवा. दुसरीकडे ठेवायचंच असेल तर घडीवर चेहरा, संवादाचा फुगा किंवा सरळ रेघ आणू नका.

कटिंगसाठी चारी बाजूंना ३ मिमी जादा. फुगे कडेपासून १० मिमी आत, शिवणीकडे १२.

शुद्ध काळी रेघ छपाईच्या आकारात ६०० डीपीआय (इंचाला ठिपके), शक्य असेल तर १२००, एक-बिट (फक्त काळं किंवा पांढरं), टिफमध्ये. जेपेगमध्ये रेघेभोवती धुरकट कण येतात आणि प्रेस ते ठिपके म्हणून छापते. करडी छटा असेल तर ती वेगळ्या थरात, ३०० पुरे. तयार ठिपक्यांचा टोन वापरलात तर नंतर चित्र लहानमोठं करायचं नाही, जाळी उमटते.

छटा तीनच ठेवा: १५, ३५, ५५ टक्के. मॅपलिथो (पुस्तकांचा साधा, बिनचकाकीचा) कागद शाई पितो, ठिपका फुगतो, ७० टक्क्यांची छटा जवळजवळ काळी होते आणि ८० काळ्यापासून वेगळी दिसतच नाही. रात्रीच्या प्रसंगात सगळं ६० ते ९० मध्ये ठेवणाऱ्यांची पानं कोळशाची पोती होऊन परत येतात. रात्र पांढऱ्याने दाखवा: कडा पांढरी, बाकी सपाट काळं.

कागद ९० ते १०० जीएसएम (चौरस मीटरला ग्रॅम). ७० वर मागचं काळं पुढे दिसतं, म्हणजे पान उलटण्याआधीच झोंबी फुटतो. शंभर-दोनशे प्रती असतील तर डिजिटल, पण टोनरवर मोठ्या काळ्या जागेत पट्टे आणि चमक येते, आधी एक पान काढून बघा. आतला काळा फक्त काळ्या शाईचा, चार रंगांचा मिसळलेला नको.

खारवलेला बांगडा

'पान उलटण्याआधीच झोंबी फुटतो' हे लाजवाब. अक्षरांबद्दलही सांगा ना, फुग्यांमध्ये मात्रा कापल्या जातात.

मुद्रितशोधक

दोन कारणं. एक, ओळींमधलं अंतर इंग्रजीच्या सवयीने ठेवलेलं असतं. देवनागरीला वर वेलांट्या-मात्रा, खाली उकार आणि जोडाक्षरं, म्हणून अक्षराच्या आकाराच्या १३५-१४० टक्के धरा. ९ पॉइंट अक्षर, १२ ते साडेबारा ओळ. दोन, सॉफ्टवेअर. चित्राच्या सॉफ्टवेअरमध्ये मजकूर टाकलात तर र्‍हस्व वेलांटी भलत्या जागी जाते आणि जोडाक्षरं सुटतात. अक्षरं इंकस्केप किंवा स्क्रायबसच्या नव्या आवृत्तीत बसवा. इनडिझाइन असेल तर परिच्छेदाला वर्ल्ड-रेडी कंपोझर लावायला विसरू नका.

फुग्यात १२-१४ शब्द, त्यावर गेलात तर दोन फुगे करा. मराठी शब्द प्रत्ययांनी लांब होतो, 'हॉस्पिटलमधल्यांना' एकटाच ओळ खातो. आधी अक्षरं बसवा, मग त्यांच्याभोवती फुगा काढा. उलट केलं की अक्षर बारीक करावं लागतं.

फाँट: 'कलम' हाताच्या वळणाचा आहे, 'मुक्ता' साधा आणि बारीक आकारातही सुटसुटीत. दोन्ही मुक्त परवान्याचे. मजकुराची भाषा मराठी निवडा, म्हणजे फाँटमध्ये सोय असेल तर ल आणि श मराठी वळणाचे येतील, नाहीतर हिंदी वळण दिसतं.

शाईचा डाग

आवाजाची अक्षरं मात्र फाँटने करू नका. 'धाड', 'खर्रर्र', 'सर्रर्र' हातानेच काढा, चित्राच्या त्याच शाईने, आणि शिरोरेघ वाकू द्या. दार ठोठावण्याची 'धप्' चौकटीच्या कडेने कापली गेली की दार बाहेर ढकलल्यासारखं वाटतं. झोंबीच्या गुरगुरण्याला अक्षर देऊच नका, निदान पहिल्या दहा पानांत.

जुनी रद्दी

विकत घेणाऱ्यांसाठी. 'वॉकिंग डेड' ६ अंकांच्या पेपरबॅकमध्ये आहे, ३२ खंड. १२ अंकांच्या हार्डकव्हरमध्ये आहे. आणि ४८ अंकांच्या कंपेंडियममध्ये, चार ठोकळे, शेवटचा १४५ ते १९३. पैशाला कंपेंडियम स्वस्त, पण ठोकळा इतका जाड की जोडपानांचा मधला भाग शिवणीत जातो. बांधणी शिकायची असेल तर हार्डकव्हर बघा, पान सपाट उघडतं.

कुजबूज

आणि शेवट? मला तो आवडला नाही, पण ज्या रीतीने आणला ती रीत आवडली.

बोरूबहाद्दर

तीही बांधणीचीच गोष्ट आहे. १९२ मध्ये रिक मरतो. १९३ वा अंक ३ जुलै २०१९ ला आला, नेहमीपेक्षा कितीतरी जाड, आणि तो शेवटचा आहे हे कोणालाच सांगितलेलं नव्हतं. दुकानदारांकडे १९४, १९५, १९६ च्या खोट्या जाहिराती मुखपृष्ठांसकट पाठवल्या होत्या. पुस्तक हातात घेतलं की किती पानं उरलीत हे बोटांना कळतं आणि वाचक सावध होतो. मासिक अंकात तोच धोका पुढच्या महिन्याच्या यादीतून येतो. कर्कमनने ती यादीच खोटी केली.

२४ पानी पुस्तिकेत ही सोय नाही. उजव्या अंगठ्याखाली दोनच कागद उरले की शेवट जवळ आलाय हे कळतंच. त्यावर एक उपाय चालतो: गोष्ट २० व्या पानावर संपवायची, आणि २१ ते २४ वर दुसऱ्याच कोणाच्या नजरेतून तोच बारावा दिवस. समोरच्या इमारतीतून, खिडकीतून, एकाच कोनात. हानाझावाचा न हलणारा कॅमेरा इथे वापरा. पोतं तिथूनही दिसलं पाहिजे.

गोधडी

चार पानं एकाच कोनात म्हणजे पार्श्वचित्र एकदाच काढायचं आणि वारंवार वापरायचं, वेळही वाचेल. फक्त प्रकाश बदला, नाहीतर नक्कल चिकटवलेली दिसते. सकाळी सावल्या डावीकडे, तर संध्याकाळी उजवीकडे, आणि १५ टक्क्यांची छटा ३५ करायची.

मुद्रितशोधक

आणि २३-२४ एकाच कागदाच्या दोन बाजू आहेत, हे लक्षात घ्या. २३ वर खिडकीच्या जागी गडद काळं असेल तर २४ वरच्या पांढऱ्या आकाशात त्याची सावली दिसेल. काळं काळ्याच्या मागे येईल अशी खिडकी सरकवा. खिडकी मध्यावर ठेवलीत तर आपोआप जमतं, कडेला असेल तर दुसऱ्या बाजूने ती उलट्या कडेला येते.